तळघराबाहेरच्या चपला

शेगडीत अजून दोन मुठी जैतुनाचा चोथा टाका, आणि मुनीफ, तो मोबाइल खाली ठेव. वीज गेली म्हणून गोष्ट मागितलीत ना, मग आता माझ्याकडे बघा. आधीच सांगून ठेवतो, ही ऐकीव नाही. नसूह माझा सख्खा मावसभाऊ. तुमच्यातले निम्मे दुपट्यात होते तेव्हा त्याच्या आवाजामुळे वाचलेत. त्यामुळे मध्येच फिदीफिदी हसायचं नाही. हसायचं असेल त्याने आत्ताच घरी जावं, रस्ता अंधाराचा आहे.

दोन हजार पंचवीस सालची पाच फेब्रुवारी, बुधवार. दुपारी चारच्या सुमारास नसूह वायरलेसची बॅटरी आणायला बाजारात गेला. साधं काम. मोबाइल दुरुस्तीवाला दुरैद त्याला म्हणाला, "अबू हनादी, आता वायरलेसला बॅटरी कोण घालतं? विमानं गेली, विमानवाले पळाले. लोक माझ्याकडे वायरलेस भंगारात आणून टाकतात."

"माझं एक काम राहिलंय," नसूह म्हणाला.

"कसलं काम?"

"एक निरोप द्यायचा राहिलाय."

दुरैदने बॅटरी काढून दिली आणि फार खोलात गेला नाही. नसूहला लोक फार काही विचारत नसत. का, ते सांगतो.

लढाईच्या अकरा वर्षांत नसूहचं एकच काम होतं. वरच्या टेकडीवरच्या खोपटात बसायचं, आभाळाला कान लावायचा आणि विमान निघालं की वायरलेसवर गावाला सांगायचं. वायरलेसवर त्याचं नाव हुदहुद, निरोप आणणाऱ्या पक्ष्याचं. "हुदहुद सांगतोय, दोन निघालीत, ऐन तूत गाव, तळघरात जा." एवढं ऐकलं की हातातला घास टाकून गाव पळायचं. मग आभाळ शांत झालं की तोच सांगायचा, "आभाळ मोकळं. वर या." तो वर या म्हणाल्याशिवाय कोणी वर येत नसे. एकदा गावातल्या नईमचा थोरला पोरगा घाईने वर आला होता. त्याची कबर तुम्हाला माहीत आहे.

गावाचं तळघर तेलाच्या घाण्याखाली. वर तीन मजले, खाली एक लांब खोली. तिथे राज्य उम्म कुतैबाचं, कुतैबाच्या त्या जड अंगाच्या आईचं. तिने खाली चटया अंथरल्या होत्या आणि चटईवर चपला चालायच्या नाहीत. बाहेर काहीही पडत असो, चपला जिन्याच्या तोंडाशी काढायच्या, त्याही चवडे बाहेर करून, म्हणजे वर येताना पटकन पाय घालता यावेत. कोणी कुरकुर केली तर म्हणायची, "मरायचंच असेल तर स्वच्छ चटईवर मरा की, मेल्यांनो." सगळे हसायचे आणि चपला काढायचे.

आणि नसूहची पोरगी हनादी, तिच्यावरूनच तो अबू हनादी, हनादीचा बाप. आई लवकर गेलेली. पहिल्या हल्ल्याच्या वेळी दहा-अकरा वर्षांची असेल. सगळे बापाच्या आवाजावर वर यायचे, ही एकटी खाली बसून राहायची. बाप टेकडी उतरून यायचा, बूट काढून जिना उतरायचा आणि हाताला धरून तिला वर आणायचा, तेव्हाच ही यायची. तिची खोड ती. मोठी झाली, शिवणकाम करायला लागली, लग्न ठरलं, तरी खोड गेली नाही. उम्म कुतैबा चिडवायची, "नवऱ्याच्या घरीसुद्धा बापाला न्यायला बोलावणार का गं?" ती म्हणायची, "बोलावणार." बाप वरवर वैतागायचा, पण टेकडी उतरताना त्याचा चेहरा मी पाहिलाय. वैतागलेल्या माणसाचा नव्हता तो.

आता तेवीस सालची सहा फेब्रुवारी. सोमवार, पहाटेचे चार वाजून सतरा मिनिटं. बारीक गार पाऊस. नसूह खोपटात डुलकी घेत होता. खालून एक घरघर आली. अकरा वर्षं ज्या माणसाला घरघर म्हणजे एकच गोष्ट माहीत, तो काय करील? डोळे उघडायच्या आधी त्याने बटण दाबलं होतं. "हुदहुद सांगतोय. तळघरात जा. सगळे तळघरात."

जगात दुसरीकडे कुठे धरणी हलली की माणसं मोकळ्यावर पळतात. आमच्याकडे पायाखाली पळाली. का नाही पळणार? शिकवलंच होतं तसं. घाण्याच्या आसपासची घरं होती त्यातली तेवीस माणसं खाली उतरली. चपला काढल्या, रांगेत लावल्या. पहिल्या हादऱ्यात घाणा पडला नव्हता, हे लक्षात ठेवा.

वर नसूह आभाळ शोधत होता. विमान दिसेना. मोबाइल बंद. खाली शेतात कोणीतरी काहीतरी ओरडत होतं, वाऱ्याने ऐकू येईना. तेवढ्यात वायरलेसवर तळघरातून हनादी. "बाबा, विमान गेलं का?"

तो म्हणाला, "थांब. अजून नाही."

चार अठ्ठावीसला दुसरा हादरा आला. घाणा तिन्ही मजल्यांसकट खाली बसला.

मध्ये अकरा मिनिटं होती, पोरांनो. अकरा मिनिटांत लंगडं म्हातारंसुद्धा तो जिना चढून शेतात गेलं असतं. नसूहने त्यानंतर ती अकरा मिनिटं किती वेळा मोजली असतील, ते त्यालाच ठाऊक.

उजाडल्यावर बचाव पथकाचा बदरान आला, त्याच्याबरोबर चार माणसं. दगड बाजूला केले तर जिन्याचं तोंड सापडलं आणि सगळ्यात आधी सापडल्या चपला. छपराचा पत्रा वर आडवा पडलेला, म्हणून रांग जशीच्या तशी. बदरानने मोजल्या. तेवीस जोड. म्हणजे आत तेवीस. शेवटचा जोड हिरव्या प्लास्टिकच्या सपातांचा, डावीचा पट्टा तारेने शिवलेला. नसूहने तो ओळखला. हनादीचा.

मग ते शांततेचं सुरू झालं. बदरान हात वर करायचा, जनरेटर बंद, सगळे गप्प. बायका पोरांच्या तोंडावर हात धरायच्या. बदरान पाण्याच्या नळीला कान लावून ओरडायचा, "ऐकू येत असेल तर वाजवा." आणि खालून यायचं. ठक. ठक ठक. सोमवारी आलं, मंगळवारी आलं. सात गावांत मिळून एक जेसीबी. तो आमच्याकडे मंगळवारी दोन तास आला आणि डिझेल संपलं. हातांनी किती उपसणार? वेशीपलीकडे, सरहद्दीच्या दारापलीकडे, यंत्रं होती, क्रेन होत्या, वासावर माणूस शोधणारे कुत्रे होते. ती सगळी परवानगीची वाट बघत उभी होती. कोणी कोणाला द्यायची परवानगी, यावर मोठमोठे लोक बोलत होते. त्या तीन दिवसांत त्या दारातून आमच्यासाठी आल्या त्या फक्त पिशव्या. तिकडे तुर्कस्तानात कामाला गेलेली आणि तिकडे दबून मेलेली आपलीच माणसं पिशव्यांत घालून परत पाठवत होते. मेलेल्यांना परवानगी लागत नव्हती.

नसूह बदरानला म्हणाला, "त्यांना सांग, वाजतंय अजून."

"कोणाला सांगू, काका?" बदरान म्हणाला. दोन रात्री झोपला नव्हता तो. "ज्याला ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं."

बुधवारी संध्याकाळी बदरानने हात वर केला. सगळे गप्प. नळीला कान. बराच वेळ गेला... काही आलं नाही. त्याने हात खाली घेतला.

गुरुवारी दुपारी ट्रक आले. साबण, तंबू, दात घासायचे ब्रश. त्या ब्रशांचं मी काय करू, सांगा. भूकंपाच्या आधीच ठरलेला माल होता म्हणे तो.

पुढच्या सहा दिवसांत बावीस माणसं मेलेली निघाली. तेविसावी, हनादी, निघाली नाही. जेसीबी दुसऱ्या गावाला गेला, उन्हाळ्यात जागा सपाट झाली आणि एका मदत संस्थेने तिथे मुलांना खेळायला सिमेंटचा ओटा घालायचं ठरवलं. नसूह त्यांच्या इंजिनिअरला भेटला. म्हणाला, "ओटा घालायच्या आधी एकदा खणा. माझी मुलगी आहे खाली." इंजिनिअर माणूस वाईट नव्हता. कागद उलटसुलट करून म्हणाला, "चाचा, आमच्याकडे परवानगी सपाट करायची आहे, खणायची नाही." ओटा झाला. वर एक लोखंडी झोका बसवला, लाल-पिवळा. फोटो काढले.

त्याच महिन्यात संस्थेची पोरगी यादी करायला आली. कुटुंबात किती?

"दोन," नसूह म्हणाला.

"दुसरं माणूस कुठे असतं?"

"खाली."

तिने माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिने लिहिलं, एक.

चपला कोणी नेल्या नाहीत. कोण नेणार? बावीस कबरींसाठी हात पुरत नव्हते. नसूहने त्या सगळ्या धुतल्या, खोपटात नेल्या आणि भिंतीशी रांगेत लावल्या. चवडे बाहेर. रोज पुसायचा. तुमच्या घरच्यांनी त्याला कधी तोंडावर बोल लावला नाही, पण तो दिसला की बोलणं थांबायचं. नईम एकटा त्याला म्हणाला, "अरे, तू आम्हाला दोनशे वेळा वाचवलंस." नसूह म्हणाला, "दोनशे वेळा वर या म्हणालो. एकदा म्हणालो नाही."

मग चोवीसचा डिसेंबर आला आणि विमानं कायमची थांबली. गाव रस्त्यावर नाचलं. पोरं टेकडीवर गेली, "हुदहुद, आता शेवटचं सांगून टाक, आभाळ मोकळं." नसूहने नकार दिला. पोरांना वाटलं, म्हातारा सरकला. लोकांनी वायरलेस बंद केले, दुरैदला देऊन टाकले. ती लाइन रिकामी झाली.

त्यानंतर जानेवारीत एकदा तो माझ्याकडे आला. चहा घेतला नाही. म्हणाला, "अबू शाकिर, ती विचारते."

"कोण?"

"रोज. चार अठ्ठावीसला. आधी इतकी गर्दी असायची लाइनवर, ऐकू येत नव्हतं. आता येतं."

मी त्याला म्हणालो, डॉक्टरला दाखव. तसा मनाचा एक डॉक्टर ट्रकबरोबर आला होता, त्याने आम्हाला रंगीत खडू दिले होते. पण चांगला डॉक्टर शहरात असेल. नसूह हसला. "खडू संपले माझे," म्हणाला.

"काय विचारते?"

"विमान गेलं का, म्हणून. सगळेच विचारतात. ती शेवटी विचारते."

"मग सांगून टाक ना, गेलं म्हणून."

"वर या म्हणालो," तो म्हणाला, "आणि ती वर आली, तर मी तिच्याकडे बघू कसा?"

तुम्ही याला काय उत्तर दिलं असतंत, सांगा.

तर ती पाच फेब्रुवारी. बॅटरी घेऊन परत जाताना तो माझ्या दारात थांबला. आत आला नाही. "तुझ्याकडे वायरलेस आहे अजून. आज रात्री चालू ठेव."

"कशाला?"

"साक्षीला कोणीतरी हवं."

मी हो म्हणालो. चांगला गरम होता त्याचा हात, धरला होता मी. बूट पायात होते. फौजी बूट, काळे, डाव्याची नाडी तुटून गाठ मारलेली. लक्षात ठेवा.

रात्री अडीचपर्यंत मी जागा. मग डोळा लागला. जाग आली तेव्हा चार पंचवीस झाले होते. पाऊस नाही. वारा नाही. कुत्रीसुद्धा गप्प... आपल्या गल्लीतली कुत्री कधी गप्प असतात का?

उशाशी वायरलेस. आता नीट ऐका. पलीकडून कोणी बटण दाबलं की आपल्या वायरलेसवर हिरवा दिवा लागतो. त्याने बटण सोडलं की विझतो. आणि नसूहची सवय, बोलून झालं की "तमाम" म्हणायचा आणि बटण सोडायचा.

चार अठ्ठावीस. दिवा लागला.

"हुदहुद बोलतोय. ऐन तूत, ऐकताय का? तमाम."

दिवा विझला.

लगेच परत लागला.

आवाज नाही. नुसती खरखर. आणि त्या खरखरीमागे... बंद खोलीत खूप माणसं गप्प बसली की जसं वाटतं, तसं. नसूहने बटण सोडलं होतं. लाइनवर तिसरा वायरलेस नव्हता. दिवा हिरवा होता.

विझला. नसूहचा आवाज आला. "होय, उम्म कुतैबा. मीच. उशीर झाला... तमाम."

हिरवा. खरखर.

"नाही. गेली. सगळी गेली. परत यायची नाहीत... तमाम."

हिरवा. या वेळी बराच वेळ. मी अंथरुणात उठून बसलो.

मग नसूह बोलला. तो जुना आवाज, अकरा वर्षं ऐकलेला. "आभाळ मोकळं. वर या."

तमाम म्हणाला नाही.

मी खिडकीपाशी गेलो नाही. खोटं कशाला बोलू? भिंतीला पाठ लावून बसलो. आधी घाण्याच्या बाजूने आलं. मग आपल्या गल्लीत. चपलांचा आवाज. फटक फटक. ओल्या चपलांचा. एक, मग चार, मग खूप. कोणी बोलत नव्हतं. कोणी पळत नव्हतं. जड बाईच्या चालीचा एक आवाज खिडकीखाली थांबला...

पुढे गेला.

कबरस्तानाच्या वाटेला लागले सगळे. मग शांत.

वायरलेसवर दिवा लागला. नसूह होता. हळू बोलत होता, घरात बोलावं तसं. "हनादी?"

विझला.

लागला. खरखर.

विझला.

"वर ये ना, बाळा. सगळे गेले..."

हिरवा. खूप वेळ हिरवा.

मग नसूह हसला. खरंच हसला, तो टेकडी उतरताना हसायचा तसा. "बरं," म्हणाला. "बरं बाई. येतो. थांब तिथेच. तमाम."

दिवा विझला तो विझला.

उजाडल्यावर मी नईमला घेऊन टेकडीवर गेलो. खोपटाचं दार उघडं. भिंतीशी एकही चप्पल नाही. धूळ नाही, खुणा नाहीत, कोणी ओढून नेल्यासारखं काही नाही. नईम म्हणाला, चोर. मी म्हणालो, मेलेल्यांच्या चपला कुठला चोर नेतो? त्याने दार ओढून घेतलं. त्याची भावजय त्या तेविसांत होती.

खाली आलो. झोक्यापाशी, ओट्याच्या कडेला, जिथे पूर्वी जिन्याचं तोंड होतं, तिथे ते होतं.

ओटा तुम्ही बघितलाय. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सिमेंट, वीतभर जाड. बदरान आला, त्याने हात फिरवून बघितलं, कुठे चीर नाही. नसूहला गावात शोधलं, विहिरीत शोधलं, सरहद्दीपर्यंत शोधलं. मग बदरानने आपल्या माणसांना गप्प केलं आणि सिमेंटला कान लावला. किती वेळ लावून बसला होता. काय ऐकू आलं ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्यानंतर त्याने ओटा फोडायची परवानगी मागितली. अर्ज अजून कोणाच्या तरी टेबलावर आहे.

ओट्यावर काय होतं, विचारतोस? तू रोज त्यावरून उडी मारून झोक्याकडे जातोस, मुनीफ, आणि ते हलवू नकोस म्हणून तुला दटावलेलं आहे. हिरव्या प्लास्टिकच्या सपाता, डावीचा पट्टा तारेने शिवलेला. आणि त्यांना लागून काळे फौजी बूट, डाव्याची नाडी गाठ मारलेली. दोन्ही जोड नीट लावलेले, चवडे बाहेर.

रोज सकाळी पाव आणायला जाताना मी तिथून जातो. दोघं अजून वर आलेली नाहीत.